पेढे की बर्फी?

"बाळाला काचेत ठेवलंय, आत्ता कोणालाच आत सोडत नाहीत." माझ्या मावसभावाने ही थाप दहा-बारा दिवसांत किती जणांना मारली असेल, देव जाणे. बाळ काचेत नव्हतंच. आईच्या कुशीत, दूध पिऊन, मुठी आवळून झोपलेलं होतं. पण फोन उचलला की पलीकडून पहिला प्रश्न यायचा, "काय मग, पेढे की बर्फी?" आणि त्याचं उत्तर घरात कोणापाशीच नव्हतं. जन्मल्यावर सिस्टरांनी बाळ पुसलं, लघवीच्या जागेकडे पाहिलं आणि त्या एकदम गप्प झाल्या. मग बालरोगतज्ज्ञ आले, सोनोग्राफी झाली, रक्त मुंबईला गेलं. "रिपोर्ट येईपर्यंत मुलगा-मुलगी काही सांगू नका," एवढं बोलून डॉक्टर पुढच्या पेशंटकडे वळले.

मराठीचं एक बरं आहे. आपल्याकडे 'तो' आणि 'ती'च्या जोडीला 'ते' आहे. बाळ, मूल, लेकरू, पोर ही सगळी 'ते'. हिंदीवाल्यांना ही सोय नाही. बारशापर्यंत प्रत्येक घरातलं बाळ 'ते' असतं आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. मग आत्या पाळण्यात वाकते, कानात कुर्र करून नाव सांगते, पाठीत धपाटे खाते, आणि 'ते'चा 'तो' होतो किंवा 'ती' होते. व्याकरणाच्या पुस्तकात या 'ते'चं नाव नपुंसकलिंग. त्यातला अर्धा शब्द आपण शिवी म्हणून वापरतो, हा आपला करंटेपणा.

ज्यांच्या शरीराची घडण ठरीव पुरुषी किंवा ठरीव बायकी साच्यात बसत नाही, त्यांना आज इंटरसेक्स म्हणतात. डॉक्टर डीएसडी म्हणतात, म्हणजे लिंगविकासातले फरक. अशा बाळांवर तान्हेपणीच शस्त्रक्रिया करून त्यांना 'नीट' मुलगा किंवा 'नीट' मुलगी करून टाकावं का, हा वाद जगभर तीस वर्षं चालू आहे आणि आता आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या दारात आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. जिवाला धोका नसेल, लघवी तुंबत नसेल, तर करू नये. मूल मोठं होऊन स्वतः बोलेपर्यंत थांबावं. ही घाई बाळाला नसते, बारशाला असते.

आमच्या घरात तर ही घाई कोणाची, ते तारीखवार दिसलं. बाळाला सीएएच निघालं, म्हणजे कंजेनायटल ॲड्रिनल हायपरप्लेशिया. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी असतात. त्यांच्यात एक विकर (एन्झाइम) कमी पडतं, त्यामुळे कॉर्टिसॉल पुरेसं तयार होत नाही आणि त्याच्यासाठीचा कच्चा माल भलत्या वाटेने जाऊन पुरुषी संप्रेरकं बनतात. गर्भ मुलीचा असेल, तर आत गर्भपिशवी, बीजकोश सगळं जागच्या जागी, गुणसूत्रं एक्सएक्स, म्हणजे सहसा मुलींची असतात ती. बाहेरून मात्र शिश्निका (क्लिटोरिस) वाढलेली, कधी थेट लिंगासारखी दिसणारी. हा झाला दिसणारा भाग. न दिसणारा भाग असा की यातल्या बऱ्याच बाळांच्या अंगात मीठ टिकत नाही. लघवीवाटे सोडियम निघून जातं, पोटॅशियम चढतं, आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत बाळ उलट्या करतं, मलूल पडतं, रक्तदाब कोसळतो. म्हणजे बारशाच्याच सुमारास. हायड्रोकॉर्टिसोन, फ्लुड्रोकॉर्टिसोन आणि दुधातून मोजून दिलेलं मीठ वेळेवर मिळालं, तर ते जगतं. नाही मिळालं तर जातं. खरी इमर्जन्सी ही, आणि तिच्यात सुरी कुठेच नाही.

याच आजारात मुलगा जन्माला आला, तर बाहेरून सगळं नेहमीसारखं दिसतं. कोणाला शंका येत नाही, पेढे वाटले जातात, आणि तिसऱ्या आठवड्यात 'दूध पचत नाही', 'जुलाब झाले' म्हणत ते बाळ हातचं जाऊ शकतं. मुलीचं मात्र वेगळं दिसणं पाहून सिस्टर गप्प होतात, रक्त तपासलं जातं आणि जीव वाचतो. ज्याला आपण व्यंग म्हणून कापायला निघतो, ते तिच्या बाबतीत धोक्याची घंटा वाजवून गेलेलं असतं. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने मुंबईसह पाच शहरांत लाखभर नवजात बाळांची तपासणी केली, तेव्हा ५,७६२ बाळांमागे एक सीएएच सापडलं. टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन ही तपासणी होते. गोव्याने २००८ मध्येच नवजात बाळांसाठी असा कार्यक्रम सुरू केला होता. बाकीच्या बहुतेक राज्यांना त्याचं काही पडलेलं दिसत नाही.

आमच्याकडे त्या पंधरवड्यात मिठाबद्दल जेवढं बोलणं झालं, त्याच्या दसपट दिसण्याबद्दल झालं. एका मोठ्या हॉस्पिटलातल्या सर्जननी कागदावर पेनाने आकृती काढून दाखवली आणि म्हणाले, "वर्षाच्या आत उरकून टाकू. तिला आठवणारसुद्धा नाही." उरकून टाकणे हे क्रियापद आपण साखरपुड्याला, मुंजीला, वर्षश्राद्धाला वापरतो. जे कार्य लोकांसाठी करायचं असतं, ते उरकायचं असतं.

आणि उरकायचं म्हणजे काय करायचं? शिश्निका कापून लहान करायची. संवेदनेच्या नसा जपून हे करण्याची तंत्रं सुधारली आहेत, पण तिथली संवेदना कमी होण्याची भीती गेलेली नाही, आणि गेलेली संवेदना एक वर्षाची मुलगी कोणाला सांगणार? योनिमार्ग तयार करायचा. तान्हेपणी केलेला मार्ग पुढे व्रणाने आकसतो आणि वयात येताना अनेकींना पुन्हा टेबलावर जावं लागतं. दुसऱ्या काही प्रकारांत पोटातले वृषण काढून टाकतात. पुढे कर्करोग होईल, हे त्याचं कारण सांगितलं जातं. ही भीती काही प्रकारांत खरी आहे. पण ॲन्ड्रोजेनला, म्हणजे पुरुषी संप्रेरकांना, शरीर मुळीच दाद देत नाही त्या प्रकारात वयात येण्याआधी हा धोका फार थोडा असतो, हे आता डॉक्टरच सांगतात. वृषण काढले की शरीराची स्वतःची संप्रेरकं संपली, मग जन्मभर बाहेरून घ्या. तिला ऑपरेशन आठवणार नाही हे सर्जनचं म्हणणं खरंच होतं. परिणाम मात्र रोज तिच्याबरोबर राहिला असता.

ही घाई आली कुठून, त्याचा पत्ता बाल्टिमोरचा आहे. १९५० च्या दशकात तिथल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉन मनी या मानसशास्त्रज्ञाने मांडलं की मूल साधारण दोन वर्षांचं होईपर्यंत त्याची लिंगओळख ओल्या मातीसारखी असते. आईबापांनी मनात शंका न ठेवता मुलगी म्हणून वाढवलं तर ते मुलगीच होईल, फक्त शरीर लवकर जुळवून घ्या. पुरावा म्हणून त्याच्याकडे कॅनडातला डेव्हिड रायमर होता. हा मुलगा इंटरसेक्स नव्हताच. १९६५ साली जुळ्यांपैकी एक म्हणून जन्मला, सुंतेच्या वेळी उपकरणाने लिंग भाजलं, आणि मनीच्या सल्ल्याने दोन वर्षांचा व्हायच्या आत वृषण काढून त्याला मुलगी म्हणून वाढवायला घेतलं. वर्षानुवर्षं ही केस यशस्वी म्हणून शिकवली गेली. प्रत्यक्षात तो मुलगी कधीच झाला नव्हता. चौदाव्या वर्षी खरं कळल्यावर त्याने पुन्हा मुलगा म्हणून जगायला सुरुवात केली. १९९७ साली मिल्टन डायमंड आणि कीथ सिग्मंडसन यांनी हे सगळं छापलं. २००४ साली, अडतिसाव्या वर्षी, त्याने आत्महत्या केली.

एका मुलावरून काय सिद्ध होतं, असं कोणी म्हणेल. त्याच २००४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये रायनर आणि गिअरहार्ट यांचा अभ्यास आला. ओटीपोटाच्या एका गंभीर जन्मजात दोषामुळे ज्या एक्सवाय, म्हणजे सहसा मुलग्यांची असतात त्या गुणसूत्रांच्या, मुलांना तान्हेपणीच मुलगी ठरवून शस्त्रक्रिया केल्या होत्या, अशा चौदांपैकी आठ जणांनी अभ्यास चालू असतानाच 'मी मुलगा आहे' असं सांगितलं. नाणं उडवावं तसा हा हिशेब. नाणेफेकीवर कोणी मुलांचे अवयव काढत नाही.

तोवर ज्यांच्यावर हे झालं होतं ती मुलं मोठी होऊन बोलायला लागली होती. १९९३ साली शेरिल चेसने अमेरिकेत इंटरसेक्स व्यक्तींची संघटना काढली. २६ ऑक्टोबर १९९६ रोजी बॉस्टनमध्ये बालरोगतज्ज्ञांच्या अधिवेशनाबाहेर मूठभर माणसं फलक घेऊन उभी राहिली. तो दिवस आता जगभर इंटरसेक्स जागरूकता दिन म्हणून पाळतात. २००५ साली शिकागोत जमलेल्या तज्ज्ञांनी पुढच्या वर्षी छापलेल्या निवेदनात दिसण्यापेक्षा शरीर नीट चालण्याला महत्त्व द्या, असं सांगितलं. २०१५ साली माल्टाने संमतीशिवायच्या अशा शस्त्रक्रियांवर कायद्याने बंदी घातली, तसं करणारा तो पहिला देश. २०२० साली शिकागोच्या लुरी बालरुग्णालयाने आपल्या जुन्या पेशंटांची जाहीर माफी मागितली.

आपल्याकडची गोष्ट मात्र एका गैरसमजातून सुरू होते. जून २०११ मध्ये एका इंग्रजी दैनिकाने बातमी दिली की इंदूरमध्ये आईबाप पैसे मोजून मुलींचे मुलगे करून घेत आहेत. देशभर गदारोळ उठला, राष्ट्रीय बालहक्क आयोगाने राज्य सरकारकडे खुलासा मागितला. बालशल्यचिकित्सकांनी समजावलं: निरोगी मुलीचा असा मुलगा करता येत नाही, ज्यांच्यावर शस्त्रक्रिया झाल्या ती मुलं जन्मतःच वेगळ्या घडणीची होती. झालं, सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि विषय मिटला. त्या मुलांना त्या शस्त्रक्रियांची गरज होती का, त्यांना कोणी विचारलं का, 'मुलगाच करा' असा आग्रह किती घरांतून झाला, हे प्रश्न कोणी विचारलेच नाहीत. मुलगी वाचवण्यासाठी रस्त्यावर येणारा समाज 'ते'साठी घराबाहेरही पडला नाही. मुलग्याच्या हौसेपायी १९८८ साली देशातला पहिला गर्भलिंगनिदानविरोधी कायदा महाराष्ट्राला करावा लागला होता, तेव्हा इंदूरकडे बोट दाखवून मोकळं होण्याची सोय आपल्याला नाही.

मग आलं मदुराई. २२ एप्रिल २०१९ रोजी मद्रास उच्च न्यायालयाच्या तिथल्या खंडपीठात न्या. जी. आर. स्वामिनाथन यांच्यापुढे खटला होता एका ट्रान्स स्त्रीच्या लग्नाच्या नोंदणीचा. पण निकाल देता देता त्यांनी इंटरसेक्स बाळांवरच्या शस्त्रक्रियांचा विषय घेतला, आईबापांची संमती ही मुलाची संमती नव्हे असं स्वच्छ लिहिलं आणि राज्याला बंदीचा आदेश काढायला सांगितलं. त्याच ऑगस्टमध्ये तमिळनाडूने तो काढला, जीवघेण्या परिस्थितीचा अपवाद ठेवून. या बदलामागे गोपी शंकर मदुराई या इंटरसेक्स कार्यकर्त्याचा बराच पाठपुरावा होता. २०२१ साली दिल्लीच्या बालहक्क आयोगाने अशाच बंदीची शिफारस केली. ऑगस्ट २०२३ मध्ये केरळ उच्च न्यायालयापुढे सात वर्षांच्या मुलाचे आईवडील शस्त्रक्रियेची परवानगी मागायला आले. सीएएच, गुणसूत्रं एक्सएक्स, म्हणजे आमच्या घरातलीच केस. न्या. व्ही. जी. अरुण यांनी परवानगी नाकारली, मुलाला तज्ज्ञांच्या समितीकडे पाठवलं आणि सरकारला नियम करायला सांगितलं. एप्रिल २०२४ मध्ये गोपी शंकर यांच्याच याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला नोटीस काढली. महाराष्ट्रात अजून तमिळनाडूसारखा आदेश नाही.

आता दुसरी बाजू. ती पोकळ नाही, आणि मी ती टाळणार नाही. केरळातले ते आईवडील काही खलनायक नव्हते. सर्जन म्हणतात, सगळ्या प्रकारांना एकच नियम लावू नका. सीएएच असलेल्या एक्सएक्स मुली बहुतेक करून मोठेपणीही स्वतःला मुलगीच समजतात, मग त्यांना तिष्ठत का ठेवायचं? युरोपातल्या सहा देशांत झालेल्या मोठ्या अभ्यासात सीएएच असलेल्या बहुसंख्य स्त्रियांनी शस्त्रक्रिया लहानपणीच झालेली बरी, असं सांगितलं. हे उत्तर आंदोलनातल्या लोकांना अडचणीचं वाटतं म्हणून ते बाजूला सारणं मला पटत नाही. पण त्यातल्या बहुतेकींची शस्त्रक्रिया झालेली होती. न झालेल्या आयुष्याशी ताडून पाहायला त्यांच्याकडे काही नव्हतं. समजा शंभरातल्या सत्तर जणी 'लवकर केलं ते बरं' म्हणाल्या. त्यांना थांबवलं असतं, तर त्यांचं काय गेलं असतं? काही वर्षांचा संकोच, आणि तो लहान नाही हे कबूल. पण ऑपरेशन त्यांना चौदाव्या-सोळाव्या वर्षीही करून घेता आलं असतं. उरलेल्या तिसांचं जे गेलं, ते कोणत्याच वर्षी परत मिळत नाही. दोन चुकांचं वजन सारखं नाही.

आईबापांची आणखी एक भीती मी कानांनी ऐकली आहे. "थांबलो, तर उद्या हिला तृतीयपंथी म्हणून नोंदवतील." ही भीती उगाच नाही. २०१९ च्या कायद्याने ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या व्याख्येतच इंटरसेक्स व्यक्ती बसवल्या, जणू शरीराची घडण आणि मनाची ओळख एकच. सीएएच असलेल्या कितीतरी जणींना इंटरसेक्स हा शब्दसुद्धा नको असतो. तो त्यांच्यावर लादणाराही मी कोण? पण शस्त्रक्रिया लांबवणं म्हणजे मुलाला बिनओळखीचं ठेवणं नव्हे. आमच्या घरात रिपोर्ट आला, डॉक्टरांनी समजावलं, आणि बाळाला मुलगी म्हणून वाढवायचं ठरलं. सव्वा महिन्याने बारसं झालं, बर्फी वाटली. नाव ठेवायला ऑपरेशन लागलं नाही. जन्माच्या दाखल्यावर नाव नंतरही घालता येतं, आणि उद्या तिला काही वेगळं म्हणायचं असेल, तर कागद बदलता येतो.

'शाळेत चिडवतील, लग्न कसं होणार' या मुद्द्यावर मला नाशिकची एक हकिगत आठवते. नाशिक ग्रामीण पोलिसांच्या २०१८ च्या भरतीत अनुसूचित जातीच्या प्रवर्गातून एक मुलगी निवडली गेली. वैद्यकीय तपासणीत तिला गर्भपिशवी नाही असं निघालं, पुढच्या चाचणीत गुणसूत्रं 'पुरुषाची' निघाली, आणि नोकरी गेली. जन्मापासून ती मुलगी म्हणून वाढलेली. शरीराबद्दलची ही माहिती तिला भरतीच्या रिपोर्टातून मिळाली. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये, तिची यात काहीच चूक नाही असं म्हणत, तिला पोलीस दलात घेण्याचा आदेश दिला, पण शिपाई म्हणून नव्हे, दुसऱ्या पदावर. लहानपणी हजार टाके घातले असते तरी त्या मुलीची गुणसूत्रं तीच राहिली असती. तिला अडवलं भरतीच्या नियमांनी, आणि नियम मंत्रालयात बसून बदलता येतात, त्याला भूल द्यावी लागत नाही.

नुसत्या बंदीवरही माझा भरवसा नाही. बंदी आली आणि जिल्ह्याच्या ठिकाणी संप्रेरकतज्ज्ञ नसला, बाळाच्या डोसाची गोळी मिळत नसल्यामुळे आई मोठ्यांच्या गोळीचे ब्लेडने तुकडे करत बसली, समुपदेशन म्हणजे 'देवाची मर्जी' एवढंच राहिलं, तर घरचे दुसऱ्या राज्यातला सर्जन शोधतील. आधी टाचेच्या रक्ताची तपासणी सगळीकडे हवी. औषधं सरकारी दवाखान्यात हवीत. आणि त्या पहिल्या पंधरवड्यात आईबापांना अशाच मुलाच्या दुसऱ्या आईबापांशी गाठ घालून देणारं कोणी हवं. आमच्या वहिनीला जे सहा डॉक्टरांकडून कळलं नाही, ते सोलापूरच्या एका बाईंनी फोनवर अर्ध्या तासात सांगितलं. त्यांची मुलगी तेव्हा कॉलेजात होती.

ते बाळ आता नऊ वर्षांची मुलगी आहे. तिला सगळं माहीत आहे. वहिनीने ते वयाप्रमाणे थोडं थोडं सांगत नेलं. दप्तरात एक कार्ड असतं: ताप आला, उलटी झाली तर गोळी किती वाढवायची आणि कोणतं इंजेक्शन लागेल. "माझ्या अंगात मीठ टिकत नाही," असं ती मैत्रिणींना ऐटीत सांगते, आणि त्या जोरावर कैरीला सगळ्यांपेक्षा जास्त मीठ लावून खाते. पुढचं सोपं नाही. पाळी सुरू व्हायच्या आधी आतली वाट तपासावी लागेल, कदाचित काही करावंही लागेल, आणि तेव्हा तिला काय हवं ते आधी कोणी ठरवून ठेवलेलं नाही. दर सहा महिन्यांनी डॉक्टर आता आईबापांच्या आधी तिच्याकडे वळून बोलतात.

हा लेख लिहिण्याआधी मी तिला विचारलं. खुणा सगळ्या बदलीन म्हटलं. ती थोडा वेळ पेन्सिल चावत बसली. मग म्हणाली, "काका, नाव नको. पण कैरीचं लिही."